"पाय साय?"ला काय उत्तर द्यायचं: खोन केनसारख्या छोट्या थाई शहरात ओळखी कशा जमतात

खोन केनला आले तेव्हा पहिले दोन महिने मला वाटायचं की आमच्या मूबानचा वॉचमन माझ्यावर पाळत ठेवतोय. मूबान म्हणजे गेट असलेली बंगल्यांची सोसायटी. बाहेर पडलं की तो खुर्चीतून अर्धा उठून विचारणार, "पाय साय?" म्हणजे कुठं निघालीस. मी पण वेडी, भाजीला चाललेय, बँकेत चाललेय, औषधाच्या दुकानात चाललेय, सगळं तोडक्यामोडक्या थाईत इमानदारीत सांगायचे आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे की हा माणूस जरा विचित्रच आहे. नंतर कळलं की त्याला माझ्या बँकेशी काही देणंघेणं नाही. सोलापुरात ओट्यावर बसलेली आजी "काय, कुठं?" म्हणते आणि आपण "हितंच" म्हणून पुढं जातो, हे तेच आहे. इथलं हितंच म्हणजे "पाय थिआव", जरा फिरून येते. एवढं म्हटलं की झालं, तो खूश, आपण मोकळे.

तर विषय असा की थायलंड म्हटलं की आपल्याला बँकॉक, पट्टाया, फुकेत दिसतं, तिथं भारतीय माणूस आणि भारतीय हॉटेल दोन्ही ढिगाने. पण कंपनीने, युनिव्हर्सिटीने किंवा लग्नाने तुम्हाला खोन केन, उदोन थानी, फित्सानुलोक असल्या गावात आणून टाकलं तर? मंडळ नाही, आपली भाषा बोलणारं कुणी नाही, आणि इंग्रजी मॉलच्या काउंटरवर संपतं. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. त्याला ऑफिस होतं, मला चार भिंती आणि ४० डिग्रीचा एप्रिल. मुलं नाहीत, त्यामुळे शाळेच्या गेटवरच्या ओळखीही नाहीत (मुलं असतील तर तुमचं निम्मं काम शाळाच करते, तुम्ही हा लेख चाळला तरी चालेल).

शहराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खोन केन बँकॉकपासून साधारण ४५० किलोमीटर, ईसान नावाच्या भागात. ईसान म्हणजे आपली ईशान्यच, शब्द संस्कृतातून गेलेला आणि दिशाही तीच. बँकॉककडून इथं येणाऱ्या हायवेचं नाव मित्रफाप, म्हणजे मित्रभाव. मला हे कळलं तेव्हा फार हसू आलं, कारण त्या मित्रभाव रोडवरून मी रोज जात होते आणि मित्र एकही नव्हता. इथले लोक घरात थाई नाही, ईसान बोलतात, जी लाओ भाषेच्या जवळची. आणि शहरातली बरीच माणसं जवळच्या खेड्यातली, शनिवार-रविवार आला की गाडी काढून गावी, आईबापाकडं. वीकेंडला भेटू म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांची इथंच पहिली पंचाईत होते, कारण वीकेंडला इथं कुणी रिकामं नसतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. इथल्या माणसाचा मित्रपरिवार बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातच पूर्ण झालेला असतो. कोणती 'रुन' म्हणजे बॅच, सीनियर कोण, ज्युनियर कोण, हे धागे आयुष्यभर चालतात. तुमचं-आमचंही तसंच आहे म्हणा, पुण्यात बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. म्हणजे लोक हसून बोलतात, मदत करतात, आणि तरी सहा महिन्यांनी तुमच्या लक्षात येतं की एकाही माणसाने आपल्याला काही सांगितलेलं नाही.

त्यात आपण भारतीय. गोऱ्या माणसाला फरांग म्हणतात, आपल्याला खॅक. खॅकचा मूळ अर्थ पाहुणा. म्हणायची पद्धत बघून तो शब्द गोडही लागतो आणि टोचतोही, मी आता टोन ऐकून ठरवते. पण खरं सांगायचं तर अडचण शब्दात तेवढी नाहीच, पाहुण्याला कुणी काम सांगत नाही हो, आणि काम सांगितल्याशिवाय माणूस घरचा होत नाही. ही गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागलं.

आता 'क्रेंग जाय' समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. क्रेंग म्हणजे धास्ती, जाय म्हणजे मन. समोरच्याला त्रास होईल, तो अवघडेल, या भीतीने मागं राहणं. मराठीत जवळचा शब्द भीड. थाई माणूस भीडस्त असतो आणि त्याला ते भूषण वाटतं. आमच्या शेजारच्या बाई, मी त्यांना पा म्हणते, पा म्हणजे आईबापांपेक्षा मोठी मावशी किंवा आत्या, एकदा पावसात मला बसस्टॉपवर बघून गाडी थांबवून म्हणाल्या, चल सोडते. मी आपली सोलापुरी पद्धतीने "नको नको, कशाला". आपल्यात नको दोनदा म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा बसायचं असतं. पा एकदा हसल्या, आणि गेल्या निघून! मी भिजत उभी. मला वाटलं वरवरचं विचारलं. त्यांना वाटलं पुन्हा विचारलं तर हिला अवघड होईल. दोघी सज्जन, आणि एक ओली.

तेव्हापासून माझा नियम, कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदाच घ्यायचं. लिफ्ट, आंबा, फणस, सल्ला, सगळं. आणि उलट बाजूने, स्वतः काही मागायला शिकायचं, पण लहान. हा फॉर्म वाचून देता का, या फळाला काय म्हणतात, पंक्चर कुठं काढतात. इथं 'नाम जाय' म्हणून एक शब्द आहे, शब्दशः मनाचं पाणी, म्हणजे आपणहून केलेला चांगुलपणा, आणि लोकांना तो दाखवायला आवडतो, फक्त दार उघडं दिसलं पाहिजे. आपण जर सगळं गूगलवर बघून स्वतःच उरकत असू तर त्यांनी शिरायचं कुठून?

क्रेंग जायमुळेच "हो" म्हणजे हो नसतं. सुरुवातीला मी दोन बायकांना घरी जेवायला बोलावलं, दोघी आनंदाने हो म्हणाल्या, मी पुरणपोळीचा घाट घातला, आणि एक आलीच नाही, दुसरी दहा मिनिटं उंबऱ्याजवळ बसून गेली. मी रडले होते त्या दिवशी, खोटं कशाला सांगू. पण आपल्याकडं "या एकदा घरी जेवायला" हे जसं सहज आहे तसं इथं नाही, लोक भेटतात ते बाहेर, टपरीवर, बाजारात, मू क्रताच्या टेबलावर (मधे शेगडी, आपणच मांस भाजायचं, कडेच्या पाण्यात भाज्या टाकायच्या). परक्याच्या घरात जाऊन बसणं फार नंतरचं. आणि आमंत्रण आठवडाभर आधी येतच नाही. संध्याकाळी साडेपाचला मेसेज, "जाणार का?" कुठं, कोण, किती वाजता, काही नाही. पहिल्या वर्षी मी अशी पाच-सहा बोलावणी "आज नको, उद्या बघू" म्हणून घालवली. उद्या कधी आला नाही. आता चप्पल दारातच असते.

बिलाचं एक राहिलं. बोलावणारा किंवा वयाने-पदाने मोठा असतो तो बरेचदा देतो. सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं असेल तर त्याला अमेरिकन शेअर म्हणतात, तसं कुणी म्हणेपर्यंत पैसे मोजत बसू नका. पुढच्या वेळी तुम्ही फळं घेऊन जा, फिटतं.

मग सुरुवात कुठं करायची? मी म्हणेन एक जागा पकडा आणि एक वेळ पकडा. माझी जागा बुंग केन नखोन तलाव. शहराच्या मधोमध, एका टोकाला नऊ मजली वाट नोंग वांगचा स्तूप, संध्याकाळी कडेला फुकट एरोबिक्स. मोठा स्पीकर, स्टेजवर एक पोरगा, समोर तीस-चाळीस बायका, आणि ६ वाजले की राष्ट्रगीत लागतं, तेव्हा पळणारे, चालणारे, पोरं, मका विकणारा, सगळे जिथं असतील तिथं स्तब्ध. मी पहिल्या दिवशी चालतच राहिले आणि शंभर माणसांत एकटीच हलतेय हे कळल्यावर गोठले ते एक पाय पुढं टाकून. मागच्या रांगेतल्या बायकांना त्यावर हसायला आठवडाभर पुरलं, आणि माझा चेहरा त्यांच्या लक्षात राहिला तो तिथून. पण महत्त्वाचं हे की मी रोज त्याच रांगेत, त्याच जागी उभी राहिले. तीन आठवडे कुणी बोललं नाही. मग एक दिवस ताप आला म्हणून गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी चौघींनी विचारलं काल कुठं होतीस. न गेलेला तो एक दिवस मला आधीच्या एकवीस दिवसांपेक्षा कामाला आला.

बोलायला लागल्यावर पाच मिनिटांत वय विचारतात. पगारही विचारतील, मूल का नाही तेही. वयाचं मात्र मनावर घेऊ नका, त्याशिवाय वाक्यच पुढं जात नाही बिचाऱ्यांचं, कारण समोरच्याला फी म्हणायचं की नोंग हे ठरवायचं असतं. फी म्हणजे मोठं भावंड (कॉलेजची फी नव्हे, फळातला फ), नोंग म्हणजे धाकटं. मग लुंग म्हणजे मोठा काका, पा म्हणजे मोठी मावशी. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आपण इथं फरांग लोकांच्या बरेच पुढं असतो. आणि टोपणनाव लागतं. थाई माणसाचं कागदावरचं नाव लांबलचक आणि बरेचदा संस्कृत वळणाचं, पण हाक मारायचं नाव भलतंच: नोक म्हणजे पक्षी, कुंग म्हणजे कोळंबी, मू म्हणजे डुक्कर, फोन म्हणजे पाऊस, शिवाय बँक आणि बिअर नावाची चांगली शिकलेली मुलं. वैशाली कुणाला झेपेना, म्हणून मी 'ली' झाले. नाव त्यांनी ठेवलं त्या दिवशी बरं वाटलं.

भाषा शिका, थाई तर शिकाच, पण ईसानचे दहा शब्द आधी. आरोय म्हणजे छान झालंय, हे टुरिस्टही म्हणतात. ईसानमध्ये "सॅप लाय" म्हणा आणि टपरीवालीचा चेहरा बघा. माझ्या सोम तमवालीला मी घरची शेंगाचटणी नेऊन दिली होती. सोम तम म्हणजे कच्च्या पपईचं कुटलेलं तिखट सॅलड, त्यात शेंगदाणे पडतातच. तिने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि उखळात माझ्यासाठीच्या पपईवर चमचाभर टाकून कुटायला लागली. पूर्ण शाकाहारी असाल तर जरा कठीण आहे, फिश सॉस आणि आंबवलेल्या माशांचं प्ला रा सगळीकडं. "किन जे", म्हणजे मी शाकाहारी खाते, म्हणायला शिका आणि लाल अक्षरांची पिवळी पताका असलेलं दुकान शोधा. पण मटण-चिकन खात नसाल तरी टेबलावर बसा, टोपलीतला चिकट भात हाताने तोडून खा. हाताने खाणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

परदेशी लोकांचा ग्रुप करावा का? करा की, गरज असते, व्हिसाची निम्मी माहिती तिथूनच मिळते. ९० दिवसांनी पत्ता कळवायचा रिपोर्ट, तो विसरला की दंड, हे मला कुणा ऑफिसने नाही, एका म्हाताऱ्या स्कॉटिश गृहस्थाने सांगितलं. पण दोन गोष्टी. शाळेत इंग्रजी शिकवणारी तरुण मंडळी मार्चमध्ये वर्ष संपलं की निघून जातात, दर वर्षी तुम्ही पुन्हा शून्यावर. आणि काही टेबलं अशी असतात की रोज संध्याकाळी बसून थाई लोक कसे वाईट एवढाच विषय, वीस वर्षं इथं राहून. तिथं फार बसू नका, लागण होते. थायलंडच्या बऱ्याच शहरांत शीख कापडवाल्यांची जुनी घराणी आहेत आणि गुरुद्वारेही, हिंदी ऐकायची तल्लफ आली तर तो एक आसरा. आणि वेळ जात नाही म्हणून कुठं फुकट शिकवायला जायचं डोक्यात असेल तर थांबा, पगार नसला तरी इथं ते काम धरलं जाऊ शकतं आणि वर्क परमिटचा प्रश्न येतो, आधी विचारून घ्या.

लाइन ॲपशिवाय, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपशिवाय, इथं पान हलत नाही. आणि सकाळी त्यावर काय येतं माहितीये? सोमवारी पिवळी फुलं, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवं, वर शुभ सोमवार छापलेलं. वारांना रंग आहेत. आपल्या फॅमिली ग्रुपवरचे काका इथंही आहेत, फक्त रंगाची शिस्त पाळतात. पाठवा परत, लाजू नका.

ओळख झाली की लिफाफे येतात. सोंग म्हणतात. देवळाची कथिन (पावसाळ्यानंतर भिक्खूंना वस्त्रं द्यायचा सोहळा), लग्न, कुणाचा मुलगा भिक्खू होतोय, प्रत्येकाचा लिफाफा. मला आधी वाटलं परदेशी म्हणून पैसे काढतायत. नाही, सगळ्यांना येतात, शंभर बाट घालून परत दिला तरी चालतं. लिफाफा आला म्हणजे यादीत नाव चढलं. उसने पैसे आणि 'शेअर' मात्र वेगळं. शेअर म्हणजे आपली भिशी, हुबेहूब. कायदाही आहे तिच्यासाठी, एका माणसाला ३ पेक्षा जास्त भिश्या आणि मिळून ३० पेक्षा जास्त माणसं चालवता येत नाहीत, यावरून किती बुडाल्या असतील कल्पना करा. गोड बोलून "क्रेंग जाय" म्हणा आणि सुटा, हा शब्द आपल्यालाही वापरता येतो.

आता मयताचं. आपल्यात म्हणतात ना, लग्नाला नाही गेलं तरी चालेल, पण मयताला जावं. सोम तमवालीची आई गेली तेव्हा मी जावं की नाही यावर दोन दिवस घालवले, शेवटी पा म्हणाल्या काळा ड्रेस घाल, चल. गावातलं घर, अंगणात मांडव, चार भिक्खू पालीत पठण करतायत, मधूनच एखादा शब्द ओळखीचा लागतो आणि उगाच भरून येतं. ईसानमध्ये दुःखाच्या घराला एकटं सोडत नाहीत, लोक रात्रभर बसतात, पत्तेही खेळतात. मी पाय मागं दुमडून बसले, लिफाफा दिला, आणि मग काय करायचं ते कळेना. मागच्या बाजूला बायका भांडी घासत होत्या. ढीगभर बाऊल, तीन घमेली. मी जाऊन बसले त्यांच्यात. एकीने "पाहुणी आहेस, राहू दे" म्हटलं, तेवढ्यात दुसरीने काही न बोलता घासणी माझ्याकडं सरकवली. दीडेक तास घासली असतील. त्यानंतर त्या टपरीवर मला कधी खॅक म्हणून कुणी हाक मारली नाही, नोंग ली.

घरात यायचा प्रश्न मात्र गणपतीने सोडवला. इथं गणपती म्हणजे फ्रा फिकनेत, विघ्नेशच, कलाकार आणि धंदेवाले फार मानतात, मूर्ती सहज मिळते. मी चतुर्थीला मोदक करायला घेतले. दुकानात पिठाच्या पुड्यांवरचं वाचता येत नव्हतं, तांदळाचं म्हणून आणलं ते चिकट तांदळाचं निघालं. कळ्या पडल्या, झाकण ठेवलं, दहा मिनिटांनी बघते तर अकरा मोदक बसलेत, नाकं गायब, नुसते गोळे. त्यात दारात पा. मूर्तीला नमस्कार करायचा म्हणून आल्या होत्या, जेवायला बोलावलं असतं तर आल्या नसत्या. चाळणीत बघून ओरडल्याच, "खनोम तोम!" थाईत चिकट पिठाच्या गोळ्यात गोड नारळ भरून उकडतात, आणि नैवेद्य कुणाला, तर फ्रा फिकनेतलाच. त्यांनी नारळ खवून मागितला, माझे पडलेले मोदक त्यात घोळवले आणि ताटात मांडून म्हणाल्या, आता बरोबर झालं. त्या दिवशी पा अडीच तास बसल्या.

खोन केनला दर वर्षी २९ नोव्हेंबर ते १० डिसेंबर रेशमाचा मेळा असतो आणि त्यात 'फुक सिआव'. सिआव म्हणजे बांधलेला मित्र. जुन्या ईसानमध्ये सारख्या वयाच्या दोघांचे आईबाप मिळून त्यांना मित्र म्हणून बांधायचे, मग एकमेकांचे आईबाप ते आपले, आयुष्यभर. छत्तीसगडात मितान करतात तसलंच. केळीच्या पानांचा आणि फुलांचा उंच मनोरा, भोवती बसायचं, म्हातारी माणसं मनगटाला पांढरा सुती दोरा बांधतात, माणसाचा 'ख्वान', म्हणजे प्राण म्हणा, जागेवर राहावा म्हणून. मागच्या मेळ्यात एरोबिक्सच्या रांगेतली कुंग मला ओढून घेऊन गेली, तिच्या आईने दोघींना दोरे बांधले. आम्ही सिआव वगैरे आहोत असं मी म्हणणार नाही, आमचं अजून अर्धं बोलणं हातवाऱ्यांनीच होतं.

दोरा निदान तीन दिवस ठेवायचा असतो आणि कात्रीने कापायचा नसतो, गाठ सोडायची. मी तिसऱ्या दिवशी सोडायला बसले तर सुटेना, ओला होऊन घट्ट बसलेला. भांडी घासून घासून तो हळदीसारखा पिवळा झाला आणि नवव्या दिवशी एरोबिक्सच्या आधी कुंगने दाताने गाठ सोडली, तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं आणि आम्ही दोघी तशाच, माझं मनगट तिच्या तोंडाजवळ, गीत संपेपर्यंत उभ्या.